अमेरिकेतल्या कॉलेजांना खरा इंटरेस्ट कसा दाखवायचा: यादीपासून वेटलिस्टपर्यंत, क्रमाने

बारावीनंतर अमेरिकेत डिग्रीसाठी अर्ज करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना सप्टेंबरच्या सुमारास कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगतं की बाबांनो, कॉलेजला इंटरेस्ट दाखवावा लागतो, आणि मग जी धावपळ सुरू होते ती बघवत नाही. पंधरा कॉलेजांना एकच मेल, दिसेल त्या वेबिनारला नाव नोंदवायचं आणि हजर एकालाही राहायचं नाही, इन्स्टाग्रामवर फॉलो, आणि शेवटी 'आमचंच कॉलेज का' या निबंधात त्याच कॉलेजच्या वेबसाइटचं पहिलं पान जरा शब्द बदलून लिहायचं. मेहनत खूप होते पण फायदा होत नाही, कारण सगळं उलट्या क्रमाने झालेलं असतं. म्हणून इथे क्रमच सांगते. एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका.

कॉलेज हे बघतं कशासाठी ते आधी थोडक्यात. जागा असतात त्यापेक्षा जास्त मुलांना कॉलेज प्रवेश देतं, कारण त्यातली बरीच दुसरीकडे जातात. १ मेपर्यंत मुलं आपलं कॉलेज पक्कं करतात आणि प्रवेश दिलेल्यांपैकी किती खरंच आली याला यील्ड म्हणतात. यील्डचा अंदाज चुकला की एकतर वर्ग रिकामे राहतात नाहीतर हॉस्टेल कमी पडतं. त्यामुळे मार्क उत्तम, निबंध उत्तम, पण कॉलेजशी कधी काही संपर्कच नाही अशी फाइल समोर आली की वाचणाऱ्याला वाटतं, हा आपल्याकडे येणार नाही, आपण याचा बॅकअप आहोत. एवढं मात्र लक्षात ठेवा की इंटरेस्टने कमी मार्क भरून निघत नाहीत. दोन फाइली जवळपास सारख्या असल्या तर तिथे त्याचं वजन पडतं.

## १. आधी यादी चाळा: कोण इंटरेस्ट मोजतं, कोण नाही

कॉलेजचं नाव आणि पुढे 'कॉमन डेटा सेट' असं गूगल करा. बरीच कॉलेजं दर वर्षी ठरलेल्या नमुन्यात ही माहिती वेबसाइटवर टाकतात, सगळे त्याला सीडीएस म्हणतात. त्यात सी७ नावाचा तक्ता असतो, प्रवेश देताना कुठल्या गोष्टीला किती महत्त्व ते त्यात दिलेलं असतं. त्याच्या शेवटाकडे 'लेव्हल ऑफ अ‍ॅप्लिकंट्स इंटरेस्ट' अशी ओळ आहे आणि समोर चार रकाने: व्हेरी इम्पॉर्टंट, इम्पॉर्टंट, कन्सिडर्ड, नॉट कन्सिडर्ड. खूण कुठल्या रकान्यात आहे तेवढंच बघायचं. हे दहा मिनिटांचं काम मुलं करत नाहीत आणि मग महिनाभर नको त्या कॉलेजमागे घालवतात.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, एमआयटी, आणि बर्कली-यूसीएलए ज्यात येतात ती अख्खी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, ही सगळी इंटरेस्ट मोजत नाहीत. तुम्ही त्यांच्या किती वेबिनारना बसलात याला तिथे शून्य किंमत आहे. माहितीसाठी बसायचं तर जरूर बसा, पण गुण मिळतील म्हणून नको. उलट केस वेस्टर्न, लीहाय, सिराक्यूज, अमेरिकन युनिव्हर्सिटी अशा ठिकाणी इंटरेस्टला काही ना काही वजन दिलेलं दिसत आलंय. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, चालू वर्षाचा तक्ता स्वतः उघडा, कॉलेजं हे बदलतात. सीडीएस सापडला नाही तर अ‍ॅडमिशनच्या पानावरचे नेहमीचे प्रश्न वाचा, अनेक जण तिथे सरळ लिहितात.

आता यादीचे तीन भाग करा. मोजतात आणि तुम्हालाही मनापासून जायचंय अशी एका बाजूला, मोजतात पण तुम्ही नुसतं नाव टाकलंय अशी दुसरीकडे, आणि मोजतच नाहीत ती तिसरीकडे. खरी मेहनत पहिल्या भागावर, आणि त्यात पाच-सहापेक्षा जास्त कॉलेजं ठेवू नका. बारावी चालू असते, कुणाची जेईई, कुणाची सीईटी डोक्यावर असते, त्याहून जास्त जमणारच नाही. दुसऱ्या भागातल्या प्रत्येक नावापुढे प्रामाणिकपणे विचारा की फक्त इथेच मिळालं तर मी जाईन का. उत्तर नाही असेल तर ते नाव काढून टाका, अर्जाची फीसुद्धा वाचेल.

सावधान: इंटरेस्ट न मोजणारी काही कॉलेजंसुद्धा 'आमच्याकडेच का' हे विचारतात. येल १२५ शब्दांत हेच विचारतं. म्हणजे मेल आणि वेबिनार मोजले जात नसले तरी निबंध वाचला जातोच, त्यामुळे पाचवी पायरी सगळ्यांसाठी आहे.

तपासा: नावं नीट बघितलीत ना? मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत आहे आणि युनिव्हर्सिटी ऑफ मायामी फ्लोरिडात. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी सेंट लुइसला, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन सिअ‍ॅटलला. बोस्टन कॉलेज वेगळं, बोस्टन युनिव्हर्सिटी वेगळी, यूपेन वेगळं, पेन स्टेट वेगळं, आणि कॉर्नेल कॉलेज नावाचं एक छोटं कॉलेज आयोवात आहे. चुकीच्या कॉलेजला प्रेमाने लिहिलेला मेल दुरुस्त करता येत नाही.

## २. एकच नाव, एकच ईमेल, एकच जन्मतारीख

ही पायरी कंटाळवाणी वाटते पण आपल्याकडची सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कॉलेज तुमच्याबद्दलच्या सगळ्या नोंदी एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवतं. अमेरिकेतली बरीच कॉलेजं स्लेट नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. तुम्ही फॉर्म भरला, सेशनला आलात, मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं, पोर्टल म्हणजे कॉलेजच्या साइटवरचं तुमचं खातं उघडलं, हे त्यात तुमच्या नावावर जमा होतं आणि नंतर अर्ज आला की त्याला जोडलं जातं. जोडणी होते नाव, ईमेल आणि जन्मतारखेवरून. ते जुळलं नाही तर तुमच्या नावाच्या दोन-तीन वेगवेगळ्या नोंदी होतात, आणि ज्या नोंदीवर अर्ज आहे तिथे काहीच दिसत नाही.

आता आपल्याकडे काय होतं बघा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. मग मुलगी एका फॉर्मवर 'देशमुख' हे पहिलं नाव म्हणून लिहिते, दुसऱ्यावर नुसतं 'सानिका', तिसऱ्यावर 'सानिका विजय'. नियम एकच ठेवा: पासपोर्टवर आहे तसं, सगळीकडे. पासपोर्ट अजून काढला नसेल तर आधी तो काढा, नाहीतरी लागणारच आहे.

जन्मतारखेचा घोळ तर हमखास होतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, मग तारीख. तुमचा वाढदिवस ५ ऑगस्टला असेल आणि सवयीने ०५/०८ टाकलंत तर तिथे ८ मे नोंदवलं जातं. १२ तारखेनंतरचा जन्म असेल तर फॉर्म चूक दाखवतो, आधीचा असेल तर मुकाट्याने स्वीकारतो.

ज्युनिअर कॉलेज हा अजून एक खड्डा. आपण अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात करतो, म्हणून फॉर्ममध्ये शिक्षण विचारलं की मुलं 'कॉलेज' निवडतात. तिकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज, त्यामुळे तुमची नोंद थेट ट्रान्सफर, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये जाते आणि मेलही ट्रान्सफरवाल्यांचे येऊ लागतात. तुम्ही हायस्कूल आणि फर्स्ट इयर हेच निवडायचं. कुठल्या वर्षीचा प्रवेश विचारला तर ज्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा देणार त्याच वर्षाचा फॉल, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणारं सत्र.

ईमेलसाठी नवा साधा जीमेल काढा, नाव आणि आडनाव असलेला, आणि तोच कॉमन अ‍ॅपलाही, म्हणजे एकाच ठिकाणी अनेक कॉलेजांचे अर्ज भरायच्या साइटलाही वापरा. शाळेचा आयडी नको, बारावी संपली की बंद होऊ शकतो.

सावधान: काही कन्सल्टन्सीवाले मुलाच्या नावाने स्वतःच ईमेल काढतात आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवतात. कॉलेजचा मेल तुम्हाला दिसतच नाही, इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं की नाही तेही कळत नाही. फी भरलेली असली तरी स्पष्ट सांगा, ईमेल माझा, पासवर्ड माझा, कॉलेजला मेल मी लिहिणार. ऐकत नसतील तर हा तुमच्या भवितव्याचा प्रश्न आहे, भिडेखातर गप्प बसू नका.

## ३. नोंद करा आणि हजर राहा

आता कुठे कॉलेजशी ओळख सुरू करायची. अकरावीची परीक्षा संपली की एप्रिल-मे हा उत्तम काळ. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर 'जॉइन अवर मेलिंग लिस्ट' किंवा 'रिक्वेस्ट इन्फर्मेशन' असा फॉर्म असतो, तो भरा. मेल यायला लागले की जीमेलच्या प्रमोशन टॅबमधून ओढून मुख्य इनबॉक्समध्ये आणा, नाहीतर ते तिथेच पडून राहतात.

मेल नुसता उघडला तर मोजला जातो का, असं मुलं विचारतात. त्यावर विसंबू नका. २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये प्रायव्हसीची अशी सोय आली की माणसाने मेल उघडला की नाही हे पाठवणाऱ्याला खात्रीने कळत नाही. म्हणून मेलमधल्या उपयोगाच्या लिंकवर क्लिक करून वाचा, एखाद्या सेशनला नाव नोंदवा. सगळ्या लिंकवर टकटक क्लिक करत सुटायची गरज नाही.

मग ऑनलाइन सेशन. आधी सर्वसाधारण माहितीचं एक, नंतर तुमच्या विषयाच्या विभागाचं किंवा तिथल्या विद्यार्थ्यांबरोबरच्या गप्पांचं एक. एका कॉलेजला दोन पुरेत. वेळ नीट काढा: उन्हाळ्यात न्यूयॉर्क-बोस्टन आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं बदलली की साडेदहा तास. म्हणजे सप्टेंबरमध्ये मंगळवारी संध्याकाळी ७ चं सेशन आपल्याकडे बुधवारी पहाटे साडेचारला. मुलं तारीख मंगळवारची धरतात, मंगळवारी पहाटे उठून बसतात आणि समोर रिकामी स्क्रीन असते. बरीच कॉलेजं परदेशी मुलांसाठी वेगळ्या वेळेची सेशन ठेवतात, 'इंटरनॅशनल' असं लिहिलेलं आधी शोधा.

नाव नोंदवलं आणि गेला नाहीत तर तेही नोंदलं जातं. जमणार नसेल तर आधी रद्द करा, बटण असतं.

प्रत्यक्ष भेटायची संधीही असते. कॉलेजांचे प्रतिनिधी पावसाळ्याच्या शेवटी, दिवाळीच्या आधी भारतात फिरतात, मुंबई-पुण्यातल्या मोठ्या इंटरनॅशनल शाळांना भेट देतात, काही वेळा हॉटेलात सगळ्यांसाठी खुला कार्यक्रम असतो. एज्युकेशन-यूएसए हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं सल्ला देणारं जाळं आहे, त्यांच्या मेळाव्यांवर लक्ष ठेवा, सल्ला फुकट असतो. सांगली, लातूर, अकोल्याकडच्या मुलांनी आपल्या कॉलेजात कोणी येत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये. तुमच्या गावात प्रतिनिधी येत नाही हे कॉलेजला माहीत असतं, ते तुमच्याकडून ऑनलाइन हजेरीचीच अपेक्षा ठेवतात. आणि कॅम्पस बघायला म्हणून लाखभर रुपयांचं तिकीट काढायची तर अजिबात गरज नाही.

तपासा: सेशन संपल्यावर लगेच वहीत तीन गोष्टी लिहा, ज्या वेबसाइटवर नव्हत्या आणि तुम्हाला नवीन कळल्या. तीन नाही तर दोन. एकही नसेल तर तुम्ही लक्ष देऊन ऐकलं नाही, रेकॉर्डिंग असेल तर परत बघा. ही वही पाचव्या पायरीला लागणार आहे.

## ४. माणसाला मेल लिहा, पण प्रश्न असेल तरच

कॉलेजच्या साइटवर 'मीट युवर काउन्सेलर' किंवा तत्सम पान असतं, तिथे भारत किंवा दक्षिण आशिया बघणाऱ्या ऑफिसरचं नाव आणि ईमेल मिळतो. बऱ्याचदा तुमचा अर्ज पहिल्यांदा वाचणारी व्यक्ती हीच असते.

आपली मुलं काय लिहितात? 'रिस्पेक्टेड सर/मॅडम, मी अमुक, मला दहावीला इतके टक्के, तुमचं जगप्रसिद्ध कॉलेज माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे, कृपया मार्गदर्शन करावे.' सोबत चार सर्टिफिकेटं जोडलेली. यात उत्तर देण्यासारखं काहीच नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे 'तुमची डेडलाइन कधी आहे, स्कॉलरशिप किती देता', जे साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्यातून एवढंच सिद्ध होतं की मुलाने साइट उघडलेली नाही.

चांगला मेल सहा-सात ओळींचा. साध्या इंग्रजीत, ऑफिसरचं नाव घालून. मजकूर साधारण असा: मी नाशिकला बारावीत आहे, येत्या फॉलसाठी अर्ज करणार आहे. गेल्या आठवड्यातल्या सेशनमध्ये तुम्ही म्हणालात की पहिल्या वर्षाची मुलंही लॅबमध्ये काम मागू शकतात. मेजर (मुख्य विषय) अजून न ठरवलेल्या मुलांनाही ते खुलं असतं का, की आधी विभागात प्रवेश लागतो? साइटवर मला याचं उत्तर सापडलं नाही. धन्यवाद. खाली पूर्ण नाव, शाळा, शहर. बस्स.

उत्तर आलं तर एका ओळीत आभार, आणि विषय संपवा. एका कॉलेजला सगळ्या मोसमात दोन मेल खूप झाले. दर आठवड्याला मेल टाकणारा मुलगा उत्साही वाटत नाही, त्रासदायक वाटतो. प्रश्नच नसेल तर मेल लिहू नका, त्याने काही बिघडत नाही.

सावधान: आई-बाबांनी मुलाच्या आयडीवरून मेल लिहू नये. सतरा वर्षांच्या मुलाची भाषा आणि पन्नाशीतल्या माणसाची भाषा वेगळी असते, रोज शेकडो मेल वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. फी, व्हिसा, बँकेची कागदपत्रं याबद्दल पालकांना विचारायचं असेल तर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आयडीवरून जरूर विचारा.

## ५. 'आमच्याकडेच का': सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मेल, वेबिनार, नोंदी यांचं सगळं मिळून जेवढं वजन, त्यापेक्षा या निबंधाचं जास्त आहे असं माझं ठाम मत आहे. कॉमन अ‍ॅप दर वर्षी १ ऑगस्टला नव्या मोसमासाठी उघडतं, त्यानंतर कॉलेजांचे प्रश्न दिसतात. शब्दमर्यादेत प्रचंड फरक असतो. टफ्ट्सने गेली काही वर्षं हा प्रश्न १०० शब्दांत विचारलाय आणि मिशिगनने ५५०. चालू वर्षाचा प्रश्न बघूनच लिहायला घ्या, दादाचा किंवा ताईचा जुना निबंध समोर ठेवून नाही.

लिहायच्या आधी कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे मी प्रत्यक्ष काय केलंय आणि त्यातून कुठला प्रश्न डोक्यात राहिलाय. उजवीकडे कॉलेजात नेमकं काय आहे ज्याने तो प्रश्न पुढे जाईल. मुलं फक्त उजवा रकाना भरतात, म्हणून निबंध माहितीपत्रकासारखा होतो. दोन्हीमध्ये रेघ ओढता आली तरच तो मुद्दा निबंधात.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. मॅसॅच्युसेट्समधलं वुस्टर पॉलिटेक्निक, डब्ल्यूपीआय. तिथे वर्षाचे सात-सात आठवड्यांचे चार टर्म असतात, आणि डिग्रीसाठी आयक्यूपी नावाचा प्रोजेक्ट सगळ्यांना करावा लागतो, ज्यात तंत्रज्ञान आणि समाज यांच्यामधला एखादा खराखुरा प्रश्न टीमने सोडवायचा असतो. बरीच मुलं त्यासाठी कॅम्पसबाहेरच्या, अगदी दुसऱ्या देशातल्या प्रोजेक्ट सेंटरवर जातात.

समजा निफाडकडचा एक मुलगा आहे, घरची द्राक्षबाग. त्याने मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर बनवला, सायन्स एक्झिबिशनला बक्षीस मिळालं. बहुतेक जण लिहितील: 'डब्ल्यूपीआयचं जागतिक दर्जाचं शिक्षण, अनुभवी प्राध्यापक आणि आधुनिक प्रयोगशाळा यामुळे माझं इंजिनीअर व्हायचं स्वप्न पूर्ण होईल. आयक्यूपीमधून मला जागतिक अनुभव मिळेल.' यात डब्ल्यूपीआय काढून दुसरं कुठलंही नाव घाला, वाक्य तसंच उभं राहतं. आयक्यूपी हा शब्द नुसता चिकटवलाय.

आता त्यालाच विचारायचं, सेन्सरचं पुढे काय झालं? तो म्हणतो, शेजारच्या चार बागाईतदारांना दिला, दोन आठवड्यांत सगळ्यांनी बंद केला. का? तर रीडिंग मोबाइलवर इंग्रजीत यायचं, आणि मोबाइल घरी पोराकडे, पाणी सोडणारा गडी बागेत. मग त्याने स्क्रीन काढून टाकली आणि व्हॉल्व्हजवळ लाल-हिरवा दिवा लावला, तेव्हा वापरायला लागले. हा आहे डावा रकाना. यावरून निबंधात येतं: माझा सेन्सर बरोबर होता, चुकलं होतं ते मी बागेतल्या माणसाला आधी काही विचारलंच नव्हतं हे, आयक्यूपीमध्ये उपाय शोधायच्या आधी तिथल्या लोकांशी बोलून प्रश्न समजून घ्यावा लागतो, आणि मला हेच काम नीट शिकायचंय, सात आठवडे, मला येत नसलेल्या गोष्टी येणाऱ्या टीमबरोबर. हे वाक्य दुसऱ्या कॉलेजात बसत नाही, आणि दुसऱ्या मुलालाही बसत नाही.

लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याची हीच परीक्षा घ्या, कॉलेजचं नाव बदलून वाचा. वाक्य टिकलं तर ते खोडा. रँकिंग, हवामान, शहराची सुंदरता, 'डायव्हर्स कॅम्पस', नोबेल मिळवलेल्यांची संख्या, हे सगळं त्या चाळणीत गळतं. प्राध्यापकांची नावं घालायचा मोह आवरा. ते पदवीच्या मुलांना शिकवतात का, अजून तिथेच आहेत का, हे बघितल्याशिवाय नाव घालू नका, आणि नुसतं नाव घालून तर काहीच होत नाही, त्यांचं काय वाचलंत आणि त्यातलं काय पटलं किंवा पटलं नाही ते यायला हवं.

तपासा: पाठवायच्या आधी फाइलमध्ये बाकी सगळ्या कॉलेजांची नावं एकेक करून शोधा. लीहायच्या निबंधात केस वेस्टर्नचं नाव राहून जाणं ही दर वर्षी घडणारी गोष्ट आहे, आणि आधीची सगळी मेहनत त्या एका शब्दाने जाते.

## ६. इंटरव्ह्यू

ऐच्छिक असला तरी घ्या, म्हणजे इंटरेस्ट मोजणाऱ्या कॉलेजांत तरी नक्की. जागा मर्यादित असतात, कुठे अर्जाच्या आधी मागावा लागतो, कुठे अर्ज आल्यावर माजी विद्यार्थी स्वतः संपर्क करतात. काही कॉलेजं इनिशिअलव्ह्यूसारख्या कंपनीकडचा रेकॉर्ड केलेला इंटरव्ह्यूही घेतात, त्याला पैसे पडतात, आधी कॉलेजच्या साइटवर तो चालतो का बघा. काही कॉलेजांत इंटरव्ह्यू नसतोच, तिथे मागत बसू नका.

तयारी म्हणजे पाठांतर नाही. इथेच का, काय शिकायचंय, मोकळ्या वेळात काय करता, आणि शेवटी हमखास 'तुला काही विचारायचंय का'. या शेवटच्या प्रश्नाला 'नो सर' म्हणणं सगळ्यात मोठी चूक. तिसऱ्या पायरीतली वही काढा, त्यातून दोन प्रश्न तयार ठेवा. समोर माजी विद्यार्थी असेल तर त्यांच्या अनुभवाचं विचारा. खोलीत घरचं कोणी बसू नये, पडद्याआडही नाही. लाइट जातात, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट चार्ज करून ठेवा. दुसऱ्या दिवशी आभाराचा छोटा मेल, त्यात बोलण्यातली एक नेमकी गोष्ट.

## ७. अर्ली डिसिजन: घरात बसून, पैशांचं बोलून मगच

अर्ली डिसिजन म्हणजे ईडी, यापेक्षा जोरदार इंटरेस्ट दाखवायचा मार्ग नाही, कारण तुम्ही लिहून देता की घेतलंत तर येणारच. पहिल्या ईडीची तारीख बहुतेक १ किंवा १५ नोव्हेंबर, दुसऱ्या ईडीची जानेवारीच्या सुरुवातीला. एका वेळी एकाच कॉलेजला करता येतो. विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर तिघं सही करतात, आणि मिळालं की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. आपल्या ज्युनिअर कॉलेजात काउन्सेलर नसतो, तिथे प्राचार्य किंवा उपप्राचार्य ते काम करतात, त्यांना ही सही कशाची आहे हे ऑगस्टमध्येच नीट समजावून सांगा. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस बंद असतं आणि १ नोव्हेंबर बऱ्याचदा नेमका तिथेच येतो.

अर्ली अ‍ॅक्शन वेगळं, त्यातही अर्ज लवकर करायचा असतो पण ते बांधून घालत नाही.

पैशांचं मात्र आधी, कोऱ्या कागदावर मांडा. चार वर्षांचा खर्च, दर वर्षी वाढणारी फी, रुपयाचा भाव, कर्ज किती, घर-शेत गहाण ठेवणार का. परदेशी मुलांच्या बाबतीत बरीच कॉलेजं आर्थिक मदत मागितली आहे का हे प्रवेश देताना बघतात, आणि अर्जात मदत नको म्हटलंत तर नंतर मागता येत नाही असा नियम अनेक ठिकाणी आहे. मदत मागितली आणि मिळालेली खरंच पुरेशी नसेल तर ईडीतून सुटता येतं, पण मदत न मागता ईडी करून नंतर 'परवडत नाही' म्हणणं फार अवघड जातं. दोन ठिकाणच्या स्कॉलरशिप तुलना करून मगच ठरवायचंय असं घर असेल तर ईडी करू नका. इंटरेस्ट दाखवायचा म्हणून घर अडचणीत आणायचं नसतं.

## ८. अर्ज गेल्यानंतर

अर्ज पाठवला की काही दिवसांत पोर्टलचं लॉगिन येतं. त्याच दिवशी उघडा. काय पोचलं, काय राहिलं याची यादी तिथे असते आणि आपल्या मुलांचं हमखास काहीतरी राहिलेलं असतं, दहावीची मार्कशीट, नाहीतर सरांचं शिफारसपत्र. आठवड्यातून एकदा तरी बघत जा. इतका अभ्यास करून पोर्टलच न उघडणाऱ्या मुलाचा इंटरेस्ट कोणालाही खरा वाटणार नाही.

डिसेंबरच्या मध्यात पहिल्या ईडीचा निकाल येतो, त्यात 'डिफर', म्हणजे निर्णय पुढे ढकललाय असं आलं तर तुमचा अर्ज नेहमीच्या फेरीत परत वाचला जाणार आणि ईडीचं बंधन सुटलं. आता एक पत्र लिहायचं, एका पानापेक्षा कमी. पोर्टलवर त्यासाठी जागा असेल तर तिथेच टाका. आधी साइटवर बघा, काही कॉलेजं स्पष्ट सांगतात की पत्र पाठवू नका, तिथे खरंच पाठवू नका. पत्रात नवीन काय ते लिहा: पूर्वपरीक्षेचे मार्क, ज्युनिअर कॉलेजच्या लेटरहेडवर घेतलेले, अर्जानंतर पुढे गेलेलं एखादं काम, आणि सातव्या-आठव्या ओळीत तुम्हाला अजूनही इथेच यायचंय हे साध्या शब्दांत. 'प्रवेश दिलात तर नक्की येईन' हे फक्त एकाच कॉलेजला लिहा, आणि खरं असेल तरच. निकाल असा का लागला म्हणून वाद घालू नका, रडगाणंही नको, बाबांच्या ओळखीतल्या कोणाचं जास्तीचं शिफारसपत्र तर अजिबात नको.

मार्चच्या शेवटी वेटलिस्ट आली तर आधी पोर्टलवर 'हो, मला राहायचंय' हे बटण दाबा, ते आपोआप होत नाही. मग वरच्यासारखंच पत्र. आणि १ मेच्या आत, जिथे प्रवेश मिळालाय अशा एका कॉलेजला डिपॉझिट भरून जागा पक्की करा, वेटलिस्टच्या भरवशावर हात रिकामे ठेवू नका. पुढे वेटलिस्टमधून बोलावलं तर पहिलं डिपॉझिट बुडतं हे धरून चाला, आणि उत्तर द्यायला अनेकदा दोन-तीन दिवसच मिळतात. बारावीचा निकाल, बँकेची कागदपत्रं, आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म), व्हिसाची अपॉइंटमेंट हे सगळं मे-जूनमध्ये एकावर एक येतं, त्यामुळे बँक बॅलन्सचं पत्र आणि पासपोर्टची स्कॅन प्रत एप्रिलमध्येच तयार ठेवा आणि त्या दोन महिन्यांत तो जीमेल सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, दोन्ही वेळा उघडून बघा.